नांगराचा फाळ : बीड, माती आणि बेळगावचं ओतकाम

आपल्या मंडळात बेळगावच्या उद्योगांचा विषय निघाला की लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची गोष्ट हमखास निघते. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. लक्ष्मणरावांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, शेतकरी म्हणाले लोखंडाने जमीन विषारी होईल, दोन वर्षं कुणी नांगर घेतला नाही, आणि शेवटी अंधश्रद्धा हरली व नांगर जिंकला. शाळेच्या भाषणात ही गोष्ट छान शोभते. पण मी अठ्ठावीस वर्षं उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत काढली आहेत, आणि ओतकामाच्या बाजूने पाहिलं तर ही गोष्ट मला नेहमी अर्धीच वाटत आली आहे.

कारण नांगर नुसता बनवून भागत नाही. तो मातीत चालावा लागतो. ओतीव लोखंड, वाळूचा साचा, शेतातली माती, बैलांची ताकद आणि गावच्या लोहाराची भट्टी या सगळ्यांचं एकमेकांशी जमलं तरच नांगर चालतो. यातलं एक जरी बिनसलं तरी नांगर शेताच्या बांधावर गंजत पडतो. त्या काळच्या शेतकऱ्याचा नकार हा या सगळ्या साखळीबद्दलचा प्रश्न होता, असं माझं म्हणणं आहे. या टिपणात मी तेवढंच मांडणार आहे.

लाकडी नांगर : गावातच दुरुस्त होणारं यंत्र

आधी लाकडी नांगराला न्याय देऊ. बाभळीच्या लाकडाचा नांगर, लांब हळस, हातात धरायला रुमणं, आणि जमिनीत शिरणाऱ्या टोकावर घडीव लोखंडाचा फाळ. म्हणजे लोखंड शेतकऱ्याला नवं नव्हतंच. लाकडी नांगराच्या टोकाला पिढ्यान् पिढ्या लोखंडच होतं. मग ‘लोखंडाने जमीन नासते’ ही भीती नुसत्या लोखंडाची कशी असेल? इथेच पहिली शंका घ्यायला हवी.

फरक लोखंडाच्या जातीत होता. जुना फाळ घडीव लोखंडाचा. तो झिजला की शेतकरी लोहाराकडे न्यायचा, लोहार तो भट्टीत लाल करून ऐरणीवर ठोकायचा, टोक पाजवून द्यायचा. लाकूड मोडलं तर सुतार होताच. दोघांनाही वर्षाचं बलुतं ठरलेलं. म्हणजे नांगर मोडला तरी रोख पैसा लागत नव्हता आणि पेरणीचे दिवस वाया जात नव्हते. पाऊस पडून वाफसा आल्यावर जे मोजके दिवस हातात असतात, त्यात औत बंद पडणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको.

लाकडी नांगराची मर्यादाही खरी होती. तो माती फाडतो, तास पाडतो, पण माती उलथवत नाही. काळ्या रानात हरळी आणि कुंदा यांची मुळं खोल जातात. ती वरवरच्या नांगरटीने निघत नाहीत, उलट तुकडे होऊन आणखी पसरतात. पंख्याचा लोखंडी नांगर ढेकूळ कापून, उचलून, उलटी टाकतो आणि मुळं उन्हात पडतात. लोखंडी नांगराचं खरं बळ इथे होतं.

सायकलीच्या दुकानापासून १९०३ पर्यंत

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा, आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नव्हते, म्हणून रंगकाम सुटलं आणि यांत्रिक आरेखन हाती राहिलं. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी तेच शिकवलं. १८८८ साली बेळगावात बंधू रामूअण्णांबरोबर सायकलीचं दुकान निघालं, आणि नोकरी सोडल्यावर लक्ष्मणराव पूर्णवेळ इथे आले. दुरुस्तीच्या कामातून कारखाना वाढला. आधी कडबा कापायची यंत्रं आणि मग १९०३ साली लोखंडी नांगर.

या चरित्रातली एक गोष्ट माझ्या विषयाला फार महत्त्वाची वाटते. लक्ष्मणराव आरेखन करणारे होते. ओतकामात आरेखन म्हणजे कागदावरचं चित्र आणि फर्मा म्हणजे त्याची लाकडी प्रतिकृती. पण फर्मा वस्तूच्या मापाचा करून चालत नाही. वितळलेलं बीड थंड होताना साधारण शंभराला एक या प्रमाणात आकसतं. म्हणून फर्मा बनवणाऱ्या सुताराची मोजपट्टीच मुळात थोडी लांब असते. साच्यातून फर्मा अलगद निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. जाड भाग आणि पातळ भाग शेजारी आले तर पातळ आधी गोठतो, जाड मागून ओढतो, आणि मध्ये तडा जातो. म्हणजे आरेखनाची रेघ मारतानाच धातूचा स्वभाव माहीत असावा लागतो. परदेशी नांगर समोर ठेवून त्याची हुबेहूब नक्कल केली तर आकार जमेल, पण आत काय झालंय ते दिसणार नाही.

बिडाचे दोन स्वभाव

आत काय होतं ते आता सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, यात कार्बन साधारण तीन ते चार टक्के असतो. घडीव लोखंडात तो नगण्य असतो. कार्बनमुळे बीड कमी उष्णतेला वितळतं आणि साच्यात पाण्यासारखं भरतं. हा त्याचा मोठा गुण. पण तोच कार्बन गोठताना दोन वेगवेगळी रूपं घेतो. साचा सावकाश थंड झाला तर कार्बन पेन्सिलीतल्या शिशासारख्या बारीक पापुद्र्यांनी वेगळा बसतो. असं बीड मोडलं की आतून करडं दिसतं. ते मऊसर असतं, कानसीने घासता येतं, भोक पाडता येतं. साचा झटकन थंड झाला तर कार्बन लोखंडाशीच बांधला जातो आणि मोडलेला भाग पांढरा चकचकीत दिसतो. हे पांढरं बीड इतकं कडक असतं की कानस घसरते, पण एका फटक्यात फुटतं. सिलिकॉन जास्त असेल तर बीड करड्याकडे झुकतं, कमी असेल तर पांढऱ्याकडे.

म्हणजे एकाच भट्टीतलं, एकाच पळीतलं बीड, साच्यात कुठे किती वेगाने थंड झालं यावर मऊ किंवा कडक होतं. आमच्याकडे याची परीक्षा सोपी होती. पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा ओतायचा, थंड झाला की घणाने मोडायचा आणि पाहायचं. पातळ टोक पांढरं, जाड बूड करडं, आणि पांढरेपणा कुठवर आलाय त्यावरून आजचं बीड कसं आहे ते कळतं. आता फौंड्रीत तपासणीची यंत्रं आली आहेत, पण मोडलेली पाचर पाहून भट्टीचा अंदाज बांधणारे मिस्त्री मी पाहिलेत. पुस्तक न वाचता त्यांना बिडाची जात कळायची.

आता फाळाकडे वळू. फाळ करडा ओतला तर लवकर झिजतो. टोक बोथट झालं की नांगर जमिनीत शिरत नाही, वरवर सरकतो. नांगऱ्या रुमण्यावर भार टाकतो आणि बैल दमतात. फाळ सगळाच पांढरा ओतला तर झिजत नाही, पण पहिल्या दगडाला फुटतो. मऊ म्हणून झिजतो, कडक म्हणून फुटतो. यातून वाट कशी काढायची?

ही वाट इंग्लंडात इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ साली पेटंट घेऊन दाखवली होती. फाळाचा साचा करताना खालच्या बाजूला वाळूऐवजी थंड लोखंड ठेवायचं. ओतलेलं बीड तिथे टेकताच झटकन गोठतं आणि फाळाची खालची बाजू पांढरी, कडक होते. वरची बाजू वाळूत सावकाश थंड होऊन करडी, चिवट राहते. आमच्या फौंड्रीच्या भाषेत याला ‘चिल देणं’ म्हणतात. असा फाळ मातीत चालला की वरची मऊ बाजू आधी झिजते आणि खालची कडक पातळ धार पुढे उरते. म्हणजे माती फाळाला झिजवतानाच त्याला धार लावते. माती ही फाळाची शत्रू होती, ती त्याचा सहाणेचा दगड झाली! मला वाटतं यंत्र आणि पदार्थ यांचं नातं समजून घेणं म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

पण हे गणित सिलिकॉनवर, बिडाच्या उष्णतेवर, चिलच्या जाडीवर आणि साच्याच्या ओलीवर टेकलेलं आहे. कच्च्या बिडाची खेप बदलली की चिलची खोली बदलते. पावसाळ्यात बेळगावची वाळू किती पाणी धरते हे आमच्याकडच्या कुठल्याही मोल्डरला विचारा. ओल चार-पाच टक्क्यांच्या पुढे गेली की वाफ बाहेर पडायला जागा राहत नाही, ओतीव वस्तूत फुगे धरतात, आणि फुगा नेमका फाळाच्या टोकात असला तर तो बाहेरून दिसतही नाही. तो दिसतो शेतात, मोडल्यावर.

एक जिल्हा, तीन माती

आपला जिल्हा या बाबतीत मोठा परीक्षक आहे. पश्चिमेला खानापूरकडे पाऊस दाबून पडतो, भाताची खाचरं असतात. तिथे चिखलात हलका लाकडी नांगरच बरा, जड लोखंडी नांगर रुतून बसतो. बेळगावच्या आसपास तांबडी, मुरमाड जमीन. तिच्यात गारगोटीचे बारीक कण असतात आणि ते फाळाला कानसीसारखे घासतात. पूर्वेला काळी रानं, ज्वारी-कापसाची. ही माती ओली असताना लोण्यासारखी चिकटते आणि सुकली की विटेसारखी होते, वर भेगा पडतात. तिच्यात चुनखडीचे खडे दडलेले असतात, त्यांवर फाळ आपटतो.

म्हणजे एका जमिनीत फाळ घासून जातो, दुसरीत आपटून फुटतो, आणि काळ्या ओल्या मातीत तिसराच त्रास. माती पंख्याला चिकटून बसते, पुढे सरकतच नाही. पंखा गुळगुळीत असेल तर माती घसरते. पावसात उघडा राहून गंजला तर त्याच पंख्यावर माती लिंपली जाते. अमेरिकेत जॉन डियर या लोहाराने १८३७ साली नेमका हाच त्रास ओळखला. तिथल्या गवताळ रानाची चिकट माती ओतीव नांगराला धरून बसायची, म्हणून त्याने घासून चकचकीत केलेल्या पोलादी पात्याचा नांगर केला. देश वेगळा, माती वेगळी, पण प्रश्न तोच. मातीशी कुठला पृष्ठभाग कसा वागतो?

तेव्हा ‘एक नांगर सगळ्या जमिनींना’ हे इथे शक्यच नव्हतं. एका शेतात उत्तम चाललेला नांगर दहा कोसांवर नालायक ठरू शकत होता, आणि दोन्हीकडचे शेतकरी खरं बोलत होते.

नकार पुन्हा वाचताना

आता ‘जमीन विषारी होते’ या वाक्याकडे परत येऊ. त्यात भाबडी भीती मुळीच नव्हती असं मी म्हणत नाही. पण तिच्याखाली किती व्यवहारी कारणं होती ती पाहा.

पहिलं म्हणजे, खोल नांगरट करून खालची कच्ची माती वर आली तर पहिल्या वर्षी पीक मार खाऊ शकतं. ज्याने हे एकदा पाहिलं त्याने जमीन नासली म्हटलं तर त्याला अडाणी कसं म्हणायचं? त्याने परिणाम बरोबर पाहिला, कारणाला नाव वेगळं दिलं.

दुसरं, जड नांगर खोल ओढायचा तर बैल जास्त लागतात. ज्याच्या दावणीला एकच जोडी, त्याला सावड करावी लागणार, म्हणजे शेजाऱ्याच्या वेळेवर अवलंबून राहणार.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं, बीड ठोकता येत नाही. घडीव फाळ ऐरणीवर सरळ होतो, बिडाचा फाळ ऐरणीवर फुटतो. गावचा लोहार एका रात्रीत निरुपयोगी झाला. फाळ मोडला तर तो बेळगावहून आणायचा, रोख पैसे मोजून, आणि तोवर वाफसा निघून गेलेला. शेतकरी नवा नांगर विकत घेताना खरं तर नव्या दुरुस्तीची व्यवस्थाही विकत घेत होता, आणि ती व्यवस्था अजून उभीच नव्हती.

याचं उत्तरही शेवटी ओतकामानेच दिलं. एकाच फर्म्यावरून ओतलेले फाळ सारखे निघतात. बोल्टने बसणारा फाळ झिजला की काढून दुसरा बसवता येतो, त्याला लोहार लागत नाही, नुसता पाना लागतो. पण त्यासाठी दोन अटी. प्रत्येक फाळाची भोकं त्याच जागी हवीत, आणि फाळ बाजारगावच्या दुकानात मिळायला हवा. पहिली अट फर्मा आणि मोल्डरच्या हाताची, दुसरी व्यापाराची. त्या दोन वर्षांच्या वाट पाहण्याकडे मी असं बघतो. ज्या यंत्राचा सुटा भाग गावाजवळ मिळत नाही, ते यंत्र घेताना शहाणा माणूस थांबतोच. आज ट्रॅक्टर घेताना आपण सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारतो, त्याला कुणी अंधश्रद्धा म्हणत नाही.

बेळगाव सुटलं, काम वाढलं

पुढची हकीकत थोडक्यात. नव्या उपनगरासाठी जागा हवी म्हणून बेळगावातला कारखाना हलवायची वेळ आली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली, दहा हजार रुपयांचं कर्जही दिलं, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आपल्या गावाच्या इतिहासातली ही चुटपुट लावणारी गोष्ट. पण रेल्वे तीच राहिली. मिरजेवरून बेळगावला येणाऱ्या त्याच मार्गाच्या वरच्या अंगाला कारखाना गेला, एवढंच.

लगेच पहिलं महायुद्ध आलं. परदेशी माल येईनासा झाल्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली, पण त्याच कारणाने कच्चं बीडही मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवून नांगरांसाठी वापरायला दिल्या. तोफेचा नांगर झाला, असं आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाही हवं. पण भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने पाहा. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या ठिकाणी ओतलेल्या तोफा. प्रत्येकीतला कार्बन वेगळा, सिलिकॉन वेगळा. खेपेगणिक बदलणाऱ्या बिडातून रोज सारखा फाळ काढणं हे ओतकामातलं सगळ्यांत अवघड काम. ते ज्यांनी पेललं त्या मोल्डरांची आणि भट्टीवाल्यांची नावं आपल्या भाषणांत येत नाहीत.

१९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. आपण ती वाङ्मयीन मासिकाची सुरुवात म्हणून ओळखतो. पण तिचा उगम कारखान्याच्या गिऱ्हाइकांशी बोलण्यात आहे हे विसरू नये. नांगर विकून झाला की संबंध संपला असं न मानणारा कारखानदारच असं पत्रक काढतो.

आपण काय जपायचं

बेळगावातून किर्लोस्कर गेले, ओतकाम गेलं नाही. आज उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या फौंड्र्यांतून मोटारींचे, पंपांचे, हायड्रॉलिकचे भाग देशभर आणि परदेशी जातात. नांगराचा फाळ जाऊन पंपाची बॉडी आली, तरी प्रश्न तेच आहेत. बीड कुठे करडं हवं, कुठे पांढरं, वाळू किती ओली, जाड-पातळ भाग कसे जुळवायचे. ही विद्या या गावात हातातून हातात गेली. मराठी बोलणाऱ्या आणि कन्नड बोलणाऱ्या दोघांच्याही. भट्टीपाशी भाषेचा वाद मी कधी ऐकला नाही.

मात्र या विद्येच्या खुणा झपाट्याने नाहीशा होत आहेत. लाकडी फर्मे सरपणात जातात, जुने नांगर भंगारात किलोवर विकले जातात, नाहीतर रंग लावून हॉटेलच्या दारात उभे केले जातात. मंडळाच्या सभासदांना आणि हे वाचणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. जुना नांगर दिसला तर फोटोबरोबर फाळ सुटा करता येतो का ते पाहा, खालची आणि वरची बाजू वेगवेगळी झिजली आहे का ते टिपा. मोडका फाळ मिळाला तर तो घासू नका, रंगवू नका. मोडलेल्या जागी पांढरा आणि करडा थर दिसतो का ते बघा. तो थर म्हणजे त्या दिवशीच्या भट्टीचं हस्ताक्षर आहे. नांगर कुठल्या गावचा आणि तिथली जमीन कशी, हे जरूर लिहा, त्यावाचून फाळाची झीज वाचता येत नाही. आणि घरात, शेजारी कुणी म्हातारे मोल्डर, फर्मे करणारे सुतार किंवा फाळ पाजवणारे लोहार असतील तर त्यांच्याशी बोला. लोखंडी नांगर गावात आल्यावर लोहाराच्या बलुत्याचं काय झालं, हे एवढं एकच विचारलंत तरी पुष्कळ. पुढच्या बैठकीत या नोंदी एकत्र मांडायचा विचार आहे. जिल्ह्याच्या नकाशावर कुठे कुठला नांगर टिकला आणि कुठे नाही हे लावून पाहिलं, तर नांगराचा खरा इतिहास आपल्याला मातीच सांगेल.